लांब विषयाची पत्रं

वडील गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदन विधीच्या दुसऱ्या दिवशी रुचिताला त्यांची सात पत्रं मेलच्या स्पॅमच्या कप्प्यात सापडली. शेवटच्या पत्राचा विषय होता : ‘छातीत वारंवार दुखत असल्याबाबत व नागपूरच्या डॉक्टरांकडे दाखवण्याबाबत’.

तिचे वडील भैय्यालाल शाळेत लिपिक होते. फोनवर ऐकू येत नसे, म्हणून दर रविवारी वरठीच्या नेट कॅफेतून ते लेकीला मेल करत. दोन महिने पत्र आलं नाही तेव्हा रुचिताला वाटलं, कंटाळले असतील. ती नागपूरला मेल गाळणारं सॉफ्टवेअर लिहीत असे. तिच्या मेलवर तोच फिल्टर बसवलेला होता.

ती कॅफेत गेली. वडिलांच्याच खात्यातून ‘नमस्कार’ एवढाच विषय टाकून मेल पाठवला. पोचला. त्यांचा मजकूर जोडला. तोही पोचला. मग त्यांचा विषय जसाच्या तसा घातला, आणि मेल स्पॅममध्ये गेला.

“मी काकाले म्हटलं, दोन शब्द टाका,” कॅफेवाला जीवन म्हणाला. “तं म्हने, सायेबीन हाये ते. विषय पुरा नसन तं अर्ज वापस येते.”

रुचिता विषयातला एकेक शब्द खोडत गेली. चार शब्द उरले तेव्हा मेल पोचला. लांब देवनागरी विषय वाटेत तुकडे होऊन जातो. ते जोडून मग वाचायचे असतात. फिल्टर प्रत्येक तुकडा सुटा वाचत होता. कापलेल्या जागी अक्षर फुटत होतं, आणि फुटकी अक्षरं दिसली की पत्र कचऱ्यात. तो नियम दोन महिन्यांपूर्वीचा होता. खाली तिचंच नाव होतं.

दुरुस्ती तीन ओळींची निघाली. सातही पत्रं तिनं पुन्हा फिल्टरमधून सोडली. सातही पोचली.

घरी लीलाबाई तांदूळ निवडत होत्या.

“आई, बाबाची पत्रं मले दिसलीच नाही. मशीननं अडवली.”

“काय लिहिलं होतं?”

“छातीत दुखते म्हनून.”

लीलाबाईंचा हात थांबला. “मले तं म्हने, पोरगी कामात असन. कोनाची मशीन?”

“माही. मीच चुकली.”

“आता सुधरली?”

“हो.”

“लोकायची पत्रं जातीन?”

“जातीन.”

लीलाबाई सूप घेऊन आत गेल्या. पुढचे चार दिवस त्या रुचिताला जेवायला वाढत होत्या, पण बोलल्या नाहीत.