मडक्याचं बाळंतपण

कात्री उकळून झाली होती, नाळेला दोन ठिकाणी दोऱ्याच्या गाठी बसल्या होत्या, आणि तरी तापीबाईचा हात पुढे होईना. मांडीवरच्या कापडी बाळाकडे बघत ती नुसती बसून होती. समोर डॉक्टर परीक्षेचा कागद घेऊन बसलेले. शेजारी उभ्या असलेल्या प्रमिलाबाई नर्सने दोनदा सांगून पाहिलं, की कापा. मागे भिंतीशी अकरा सुइणी माना उंचावून बघत होत्या. पहिलीच पाळी तापीबाईची आणि ती अशी अडलेली.

ही जागा म्हणजे प्रकाशा गावच्या देवळाची धर्मशाळा. याच फरशीवर दर एकादशीला कीर्तन व्हायचं आणि तापीबाई टाळकऱ्यांच्या अगदी पायाशी बसून ऐकायची. यंदा इथे सुइणींचं शिक्षण उभं राहिलं होतं, तेही चौघांच्या ओंजळीतून. पंचायत समितीने नर्स दिली, डोंगराकडच्या मिशन दवाखान्याने डॉक्टर दिले, जिनिंग सोसायटीने बाळात भरायला कापूस आणि वजनाला सरकी दिली, देवस्थानाने जागा. जागेवरून मात्र देवस्थानाचे पंच हिंमतराव हटून बसले होते. देवाच्या दारात बाळंतपण म्हणजे विटाळ, असं त्यांचं म्हणणं. नर्स समजावून थकली, तेव्हा तापीबाई पुढे झाली होती.

"भाऊ, बाळंत व्हई ऱ्हायनं ते मडकं. मडकाना इटाळ कोनले?"

हिंमतरावांना हसू आलं आणि दाराचं कुलूप निघालं. बूड काढलेलं मोठं मडकं, त्याच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचं रबर. बाळ त्यातून कसं वळतं, डोकं कसं तोलायचं, ते बायका महिनाभर शिकल्या. नाळ तेवढी नर्स स्वतः कापून दाखवायची, म्हणून आजची अडचण आजवर उघडी पडली नव्हती.

जी पास होईल तिलाच बाळंतपणाच्या सामानाची पेटी आणि तिलाच गावात बोलावणं, असं पंचायतीने ठरवलं होतं. पस्तीस वर्षं जिने अर्ध्या गावाला हातात झेललं, तिचा हात आज सरकी भरलेल्या पोराने धरून ठेवला होता.

"का थांबलात, मावशी?" डॉक्टरांनी विचारलं.

"पोर रडनं नही."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. प्रमिलाबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ते कापडाचं आहे. जन्मात रडायचं नाही."

"मंग मीबी जलममा कापाव नही."

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. हा नियम कुणाचा, असं त्यांनी हळूच विचारलं. सासूने घालून दिलेला, ती म्हणाली; पोर रडल्याशिवाय नाळेला हात लावायचा नाही. मग खाली बघतच म्हणाली, "एक डाव मी घाई करी. मन्ही नणंदनं पोर व्हतं. नाळ कापी टाकी. ते रडनंच नही."

डॉक्टर खुर्चीवरून उठले आणि तिच्यासमोर फरशीवरच बसले. सासूचं अर्धं खरं आहे, त्यांनी सांगितलं. नाळेचे ठोके थांबेपर्यंत घाई करू नये, पुस्तकातही तेच आहे. पण पोर रडत नसेल तर वाट बघत बसायचं नाही. तोंड पुसायचं, पाठ चोळायची, आणि तरी नाहीच, तर आपल्या गालात मावेल तेवढीच फुंकर, हलकी, पुन्हा पुन्हा. त्यांनी करून दाखवलं. मग तापीबाईने बाळ उचललं आणि त्याच्या शिवलेल्या ओठांवर तोंड ठेवलं. आतली सरकी करकरली.

"तवय हाई माले माहीत ऱ्हातं, ते पोर जगतं का?"

"तेव्हा तुम्हाला कुणी शिकवलं होतं?"

"नही."

"मग ऐका. ते पोर श्वासाला अडलं होतं, मावशी. तुमच्या कात्रीने नाही गेलं."

कीर्तनात बुवांनी शेवटचं चरण घोळवत घोळवत अलगद समेवर आणून ठेवावं, तसं काहीतरी इतक्या वर्षांनी तिच्या छातीत खाली टेकलं. तिने पुन्हा फुंकर घातली.

आणि पोर रडलं.

रडली होती रूपलीबाई, सातपुड्यातून जीपने आलेली सुईण. इथली बोली तिची नव्हती, म्हणून बोलण्यातलं तिला फारसं उमगलं नव्हतं, फुंकर मात्र उमगली होती. भिंतीशी बसून, डोळे मिटून तिने असा काही कोवळा ट्यँहा काढला, की बाहेर पारावर बसलेले हिंमतराव दारात येऊन विचारू लागले, "कोनं पोर व्हयनं व?"

बाकीच्या दहा जणी पदरात तोंड खुपसून हसल्या. प्रमिलाबाईही हसल्या. तापीबाईने तेवढ्यात नाळ चिमटीत धरली, ठोके थांबेपर्यंत थांबावं तशी थांबली, आणि दोन गाठींच्या मधोमध कापली. डॉक्टरांनी कागदावर तिच्या नावापुढे सही केली.

पुढचं नाव पुकारलं गेलं. बाळ परत मडक्यात जायचं होतं, प्रमिलाबाई हात पुढे करून उभ्या होत्या. तापीबाईने ते दिलं. पण आधी त्याच्या ओठांवर आलेली श्वासाची ओल तिने पदराने टिपून घेतली.