उतरतं टेबल

काकांचं टेबल उतरतं होतं आणि ते काकूंच्या डोक्यात जायचं. चहाचा कप ठेवला की घसरलाच म्हणून समजा. "अहो, त्या सुताराला बोलवा एकदाचं," त्या करवादायच्या. काका मोत्यांतून मान वर न काढता म्हणायचे, "उद्या." तो उद्या काही उजाडला नाही.

दोघांचा धंदा घरातलाच. सराफ मोत्यांच्या पुड्या पाठवायचा. काका टेबलाशी बसून आकार वेगळे करायचे आणि काकू त्यांच्याकडे पाठ करून, खिडकीतल्या उजेडात माळा ओवायच्या. काका गेले आणि काकूंनी पहिलं काम काय केलं, तर सुताराला बोलावलं. त्याने पुढच्या दोन्ही पायांना ठोकळे मारले. काकूंनी टेबलावर चहा ठेवला. कप जागचा हलला नाही, आणि त्या दिवशी त्या पोटभर रडल्या.

आता सराफाचा फोन आला होता. "काकू, या वेळी निवडायचंही तुम्हालाच. संध्याकाळी येतो. जमत नसेल तर सांगा, दुसरीकडे देईन. राग मानू नका हं."

"न जमायला काय झालं?" काकूंनी ठणकावलं खरं. पण हातचे मोतीही गेले, तर या घरात भिंतींशिवाय बोलायला उरणार कोण होतं?

थेंबासारखे मोती सहज कळले, ते कानांतल्यांचे. एका बाजूने चपटे, बटणासारखे, तेही कळले. ते अंगठीत नीट बसतात. वेडेवाकडे तर आंधळ्यालाही कळावेत. घोडं अडलं ते गोल मोत्यांपाशी. अस्सल गोल आणि किंचित लांबट, दिसायला अगदी सारखे. असे चार लांबट घुसले की अख्खी माळ गळ्यात वाकडी दिसते. काकूंनी चष्मा पुसला, एकेक मोती उजेडात धरला, डोळ्यांना पाणी आलं. काका तर मोत्यांकडे धड बघतही नसत. मूठभर पसरायचे, आणि टेबलाच्या कडेला अडकवलेल्या पत्र्याच्या डब्यात टपटप आवाज यायचा.

तो आवाज आठवला आणि काकूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टेबल मोडकं नव्हतंच. काकांनी ते मुद्दाम उतरतं ठेवलं होतं.

"लबाड कुठले!" त्या रिकाम्या खुर्चीवर खेकसल्या. "सांगितलं असतं तर तोंड झिजलं असतं?"

सुताराचे ठोकळे काही निघेनात. शेवटी दाराशी अजून तशाच असलेल्या काकांच्या चपला त्यांनी आणल्या आणि मागच्या पायांखाली एकेक सरकवली. मग काकांच्या खुर्चीत बसून वरच्या कडेला मोती सोडले. गोल होते ते नाकासमोर धावत डब्यात पडले. लांबट वाटेतच लचकून बाजूला गेले.

संध्याकाळी सराफाने माळ बोटांतून फिरवली. "अगदी काकांच्या हातची निवड," तो म्हणाला आणि नवी पुडी ठेवून गेला.

काकूंनी चहा केला आणि विसरून टेबलावर ठेवला. कप घसरला, चहा सांडला.

"किती वेळा सांगितलं, सुताराला बोलवा म्हणून!" त्यांच्या तोंडून गेलंच.

फडकं हातात घेऊन त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. "उद्या" असं कोणी म्हणालं नाही.