निसटलेली चप्पल आणि मी

मी एक जुनी हातोडी आहे, मित्रांनो. हसू नका. खिळे ठोकणारी वेगळी. तिला अक्कल लागत नाही. माझं डोकं रबराचं आहे, दांडी पोलादी आणि टोकाशी निमुळती. मी माणसांचे गुडघे ठोकते. गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच टक्क केलं की पाय किती उडतो, त्यावरून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचं कसं चाललंय ते कळतं. एवढी मोठी विद्या एवढ्याशा टकटकीत मावते, म्हणूनच बहुधा तिची कोणाला किंमत नाही.

कारखान्यातून मी थेट थोरल्या डॉक्टरीणबाईंच्या कोटाच्या खिशात आले. "आधी ठोकून बघते, मग बोलते," असं त्या प्रत्येकाला सांगायच्या. ते माझे सुखाचे दिवस. पुढे त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या खुर्चीवर त्यांचा पुतण्या बसला.

या पुतण्याविषयी बरं बोलायचं मी ठरवलं होतं, पण जमत नाही. माणूस समोर बसलेला असतो आणि हा पडद्यावरचे फोटो बघतो. अडकलेला खण उघडायला त्याने मला वापरलं. पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून वापरलं. एकदा तर मला घेऊन अक्रोड फोडायला बसला. रबराने अक्रोड फुटत नाही, हे कळायला या विद्वानाला सहा अक्रोड लागले.

टपाल वाटणाऱ्या एक बाई त्याच्याकडे उपचाराला यायच्या. पाय जड झाले होते, जिने चढवत नव्हते, छातीखाली कोणी पट्टा आवळल्यासारखं वाटायचं.

"वय झालं, दुसरं काय!" त्यांचा नवरा म्हणाला. "जिने चढून चढून गुडघे गेले."

"अहो, गुडघे दुखतच नाहीत," बाई म्हणाल्या. "पायच माझं ऐकत नाहीत. डॉक्टर, मला एका जागी बसवू नका हो. आयुष्यभर चाललेय मी."

पुतण्याने कमरेचा एमआरआय काढायला सांगितला. तो स्वच्छ आला. हाही खूश, नवराही खूश. बाईंना कमरेचा पट्टा मिळाला. त्या पट्ट्याचा मला अजून तिटकारा आहे. बाईंची चाल दर खेपेला बिघडत गेली, आणि मी खणात पडून ते पाय घासत येणं नुसतं ऐकत राहिले.

मग एक दिवस थोरल्या डॉक्टरीणबाई आपली विसरलेली छत्री न्यायला आल्या. त्याच वेळी नवऱ्याचा हात धरून टपालवाल्या बाई आत शिरल्या.

"बाई, डाव्या पायातली चप्पल कुठे आहे?" थोरल्यांनी विचारलं.

"आहे की पायात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खाली पाहिलं. पाय अनवाणी होता. चप्पल मागे जिन्यात पडली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"हातोडी दे," डॉक्टरीणबाई पुतण्याला म्हणाल्या.

टक्क! गुडघा असा उडाला की पुतण्याने खुर्ची मागे घेतली. मग माझं निमुळतं टोक तळव्यावरून फिरलं. अंगठा खाली वाकायला हवा होता. तो वर गेला, म्हणजे मज्जारज्जूवर कुठेतरी दाब होता. मग थोरल्या नव्या टाचणीने पायापासून वर हलके टोचत गेल्या. सगळं बधिर, आणि बरगड्यांपाशी आल्यावर बाई ओरडल्या, "आई गं!"

"काकू, एमआरआय स्वच्छ आहे," पुतण्या म्हणाला.

"कमरेचा स्वच्छ आहे रे शहाण्या. दुखणं वरच्या मजल्यावर आणि तू झडती घेतलीस तळमजल्याची. पाठीचा काढ. आजच."

पाठीच्या फोटोत गाठ दिसली, द्राक्षाएवढी. तिला मेनिंजिओमा म्हणतात. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यावर जे आवरण असतं, त्यात ती वाढते. बहुधा कर्करोगाची नसते, हळूहळू वाढते आणि हळूहळूच चिरडते. आणखी थांबलो असतो तर बाई कायमच्या खुर्चीला खिळल्या असत्या.

ऑपरेशनला मला कोण नेणार? तिथे सूक्ष्मदर्शकाचा तोरा. पण नंतर ऐकलं ते असं: सर्जनबाईंनी मणक्याचं मागचं हाड काढलं, आवरण उघडलं, मज्जारज्जूला धक्का न लावता गाठ तुकड्यातुकड्याने सोडवली आणि आवरण शिवून टाकलं. काम चोख झालं, हे मान्य करते. जड मनाने.

काही महिन्यांनी बाई कोणाचा हात न धरता आल्या. पुतण्याने नवा फोटो पाहिला. "उत्तम! मला तेव्हाच शंका आली होती," तो नवऱ्याला म्हणाला. मित्रांनो, मला हात असता तर मी कपाळावर मारून घेतला असता.

"डॉक्टर, ते ठोकून बघायचं राहिलं," बाई म्हणाल्या.

शोधाशोध झाली. मी डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली होते. पहिल्यांदा त्याने नडगीवरच ठोकलं. मग जागा सापडली. गुडघा शहाण्यासारखा जरासाच उडाला. अंगठा खाली वाकला. बाई निघाल्या आणि जिन्यातून एकदम त्यांचा आवाज आला.

"अहो, चप्पल निसटली! कळलं मला! कळलं!"

त्या रडत होत्या की हसत होत्या, सांगता येत नाही. इकडे पुतण्याने मला परत टेबलाच्या पायाखाली सारलं.

मित्रांनो, घरातलं कोणी "पाय ऐकत नाहीत" म्हणालं, तर "वय झालं" म्हणून मोकळे होऊ नका. डॉक्टरांकडे न्या आणि आधी ठोकून बघायला सांगा. हातोडी सापडत नाही म्हणाले, तर त्यांना टेबलाखाली वाकायला लावा. तेवढाच त्यांचाही कणा तपासून होईल.