विभागाचं पाणी

थोरलीने विद्यापीठात पर्यावरण आरोग्य शिकायचं ठरवल्यावर नळदुरुस्ती करणाऱ्या बाबांनी तिला एवढंच विचारलं, "त्यात करतात काय?"

"लोक आजारी पडू नयेत म्हणून आधीच बघायचं."

बाबांना पटलं.

दुसऱ्या सत्रात पाणीतपासणी आली. कुणी नदीचं पाणी आणलं, कुणी विहिरीचं. थोरलीला उशीर झालेला, म्हणून तिने विभागातल्याच कूलरखाली बाटली धरली. पाण्यात मैल्यातले जंतू असले की बाटलीतली पट्टी काळी पडायची. दोन दिवसांनी नदीची पट्टी करडी आणि विभागाची काळीकुट्ट! महिनाभर अर्धा वर्ग पोट धरून घरी का बसत होता, ते तिला कळून चुकलं.

"बाटली नीट धुतली नसशील," विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या. शुद्ध पाण्यावरचं क्रमिक पुस्तक त्यांचंच होतं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने बाटली भरली. तीही काळी पडल्यावर त्यांनी पाच जणांची समिती नेमली.

समितीने त्याच पाण्याचा चहा घेत तीन बैठका केल्या. कूलरला पाणी देणारी गच्चीवरची टाकी बांधकाम विभागाची, पाणी पाणीपुरवठ्याचं, पोटं मात्र ज्याची त्याची, असं ठरलं. हात धुण्यावर भित्तिपत्रकांची स्पर्धा जाहीर झाली. कूलरवर पाटी लागली : 'हे पाणी केवळ अभ्यासासाठी.'

घरी थोरली नुसती धुमसत होती.

"टाकीत कुणी डोकावलं का?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग पाच जण बसले कशाला?"

रविवारी दोघं विभागात गेली. "मी किल्ली दिली नाही, तुम्ही मागितली नाही," म्हणत शिपाईकाकांनी गच्चीची किल्ली हातावर ठेवली.

टाकी उघडीच होती. आत कबुतर मरून पडलेलं. झाकण शोधलं, तर ते 'हरित गच्ची' उपक्रमाच्या कुंड्यांखाली! बाबांनी कबुतर बाहेर काढलं, पाणी सोडून दिलं आणि ब्रश पुढे केला, तशी थोरली टाकीत उतरली. दोघांनी टाकी घासली, जंतुनाशक पावडर टाकून धुतली, पहिलं पाणी सोडून दिलं आणि झाकण तारेने घट्ट आवळलं.

पुढच्या तपासणीत पट्टी पांढरीच राहिली. पंधरवड्यात वर्ग भरला.

सत्र संपता संपता मॅडमचा शोधनिबंध छापून आला : 'भित्तिपत्रकांमुळे पोटाच्या विकारांत लक्षणीय घट.' तळटीपेत थोरलीचे आभार होते, बाटल्या धुतल्याबद्दल.

"मॅडम, यात टाकी कुठेच नाही," ती म्हणाली.

"अगं, टाकी धुणं म्हणजे संशोधन नव्हे."

थोरली तडक वर्गात गेली आणि तिने विचारलं, "मुलींच्या वसतिगृहाची टाकी कुणी पाहिलीय?"

कुणीच पाहिली नव्हती. चौघीजणी उठल्या.