भाऊंच्या सावलीतली पाणपेटी

नाकं मुरडू नका. धायरीत हिंदुरावभाऊंच्या गच्चीवर, टाकीशेजारी, तिरक्या काचेची एक लाकडी पेटी दिसते ना? ती मी. लोकांना मी कोंबड्यांचं खुराडं वाटते. वाटू द्या. मी पाणपेटी आहे. माझ्या पोटात खराब पाणी ओततात. उन्हाने त्याची वाफ होते, काचेला आतून चिकटते, थेंब होऊन पन्हळीत ओघळते आणि नळीवाटे बाहेरच्या बाटलीत पडते. क्षार, घाण सगळं माझ्या पोटात आणि चांगलं तेवढं दुसऱ्याला. बाईमाणूसच म्हणा की.

मला जन्माला घातलं भाऊंच्या सुनेने, तेजस्विनीने. हौस म्हणून नव्हे. तिची लेक शेफाली अजून धड बोलतही नाही. घरच्या बोअरचं पाणी पोटात गेलं की पोर गुडघे पोटाशी घेऊन रडायची. डॉक्टर म्हणाले, हे पाणी बंद करा. फिल्टरचं यंत्र आणलं, ते क्षारांनी चोंदलं. पाण्याचे जार लावले, तर जारवाला भाऊंच्याच बोअरवर जार भरत होता!

भाऊंचं काय सांगू? शेतं बिल्डरला विकली. तिथे इमारती झाल्या. आता त्याच इमारतींना भाऊ टँकरने पाणी विकतात. टँकरवर ठळक अक्षरांत 'शुद्ध पाणी' लिहिलंय. लिहायला काय जातंय?

तर मी. सुरुवातीला माझ्याकडून वाटीभरही पाणी निघेना. मैनाबाई, म्हणजे भाऊंची बायको, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दिसभर उन्हात लोळून एवढंच? हिच्यापरास आपली म्हस बरी व्हती."

"आत्या, सगळी ऊब खालून निघून जातीये," तेजस्विनी म्हणाली. "आणि काचेच्या फटीतून वाफ पळतीये."

"मग तोंड उघडून सांग की. माळ्यावर गणपतीच्या मखराचा थर्माकोल पडलाय. लाव तिच्या बुडाला."

या सासू-सुनेचं मिठावरूनसुद्धा एकमत होत नाही. पण माझ्यावर दोघी भांडत भांडत राबल्या. थर्माकोल बुडाला आणि बाजूंना बसला. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून काचेच्या फटी बुजवल्या. मैनाबाई म्हणे, पेटी काठोकाठ भर, पाणी जास्त येईल. तेजस्विनी म्हणे, उथळ ठेवा, लवकर तापेल. सुनेचंच खरं निघालं, आणि सासूने दोन दिवस तोंड फुगवलं. मग तीच मंडईतून बटाट्याचं गोणपाट घेऊन आली. काळं रंगवून, धुऊन, माझ्या तळाला अंथरलं. काळं ऊन पितं आणि गोणपाट पाणी धरून ठेवतं. वाटीचा तांब्या झाला. शेफालीपुरतं भागायला लागलं आणि पोरीचं रडणं थांबलं.

इथेच माझी गोष्ट संपायला हवी होती. पण निवडणूक आली आणि भाऊ उभे राहिले.

तोवर भाऊंनी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. एका सकाळी माणसं घेऊन वर आले आणि माझ्यापुढे, बरोब्बर उन्हाच्या बाजूला, भला थोरला फ्लेक्स बांधून गेले. 'शुद्ध जलाचे शिल्पकार.' त्यावर भाऊंचे दोन फोटो: एकात हात जोडलेले, दुसऱ्यात फोन कानाला. वर माझ्या काचेवर झेंडूचे हार. आता सांगा, ऊन कुठून यावं? बाटली कोरडी ठणठणीत.

जिन्यात मला बघायला बोलावलेल्या पाहुण्यांच्या चपला वाजल्या तशी भाऊंनी इकडेतिकडे बघितलं. टाकीची, म्हणजे त्याच बोअरच्या पाण्याची, तोटी उघडली, बाटली भरली, माझ्या नळीखाली ठेवली. मी डोळ्यांनी बघितलं. पण मला नळी आहे, तोंड नाही.

पाहुण्यांना पेले दिले. फोटो निघाले. "वा भाऊ, अमृत!" "काय गोडवा आहे!" माझ्या खऱ्या पाण्याला चवच नसते, हे कुणाला ठाऊक? नारायण पेठेतून आलेल्या वासंतीताईंनी मात्र एक घोट घेऊन पेला खाली ठेवला. "छान आहे. ज्यांना खारट आवडतं, त्यांच्यासाठी." विनोद समजून सगळे हसले.

तेवढ्यात शेफाली "पानी, पानी" करत आली. तेजस्विनीने तिचा छोटा पेला बाटलीतून भरला. पोरीने तोंडाला लावला.

मैनाबाईने झडप घालून पेला ओढला. "थांब गं तेजू! सकाळधरनं पेटीवर ह्यांचं थोबाड पसरलंय. ऊन न्हाई, मग बाटली भरली कशी?"

पाहुण्यांचे मोबाइल वर झाले. मैनाबाईने पेला नवऱ्यापुढे धरला. "घ्या. तुमी प्या."

"अगं, आत्ताच चहा झाला माझा."

"टँकरच्या टँकर लोकास्नी पाजताय की. घोटभर तुमास्नी पचत न्हाई व्हय?"

भाऊंनी पेल्याकडे बघितलं, लोकांच्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं. पेला काही घेतला नाही. मैनाबाई खाली गेली, विळी घेऊन आली आणि फ्लेक्सच्या दोऱ्या सपासप कापल्या.

तो फ्लेक्स वाया गेला नाही हं. थर्माकोल भिजू नये म्हणून तिने तो माझ्या बुडाभोवती गुंडाळला. भाऊंचे जोडलेले हात आता माझ्या बुडाखाली आहेत.

टँकर अजून जातात. अजून लोक विकत घेतात. आणि अलीकडे भाऊ संध्याकाळी हळूच गच्चीवर येतात, माझ्या बाटलीतलं पाणी पितात. मग खाली पोरीला कमी पडतं आणि मैनाबाई मला शिव्या घालते.

मला हार नकोत, नारळ नकोत. काच पुसा, फटी बुजवा, उन्हात राहू द्या. आणि फोटो काढायचा असेल तर जरा बाजूला सरकून काढा. तुमची सावली माझ्यावर पडते, आणि तहान लागते ती त्या लेकराला.