बिल्ल्यावरचा आकडा

तपासणीचं पाकीट फोडताच दातांच्या डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. एक्स-रेच्या खोलीत वावरणाऱ्यांनी छातीला एक बिल्ला लावायचा असतो. अंगावर किरण किती पडले ते त्यावरून कळतं. तीन महिन्यांचा निकाल आला होता. डॉक्टरांचा बिल्ला निर्धोक, आणि मदतनीस मावशींच्या बिल्ल्यावर मर्यादेच्या कितीतरी पट आकडा.

दोष कुणाचा, हे डॉक्टरांना वेगळं सांगायची गरज नव्हती. पेशंटच्या तोंडातली फिल्म मदतनिसाने हाताने धरू नये, हा नियम त्यांना तोंडपाठ होता. पण खुर्चीत पोर चुळबुळ करायला लागलं, की "मावशी, जरा धरा हो," म्हणून स्वारी खुशाल भिंतीआड जाऊन बटण दाबायची. बारा वर्षं हेच चाललेलं.

तेवढ्यात मावशी चहा घेऊन आत आल्या.

"मावशी, तब्येत कशी आहे? चक्कर, मळमळ वगैरे?"

"अहो डॉक्टर, पन्नाशीच्या बाईला मळमळ विचारताय? सासूबाईंच्या कानावर गेलं तर नसता घोळ होईल!"

डॉक्टरांना हसू येईना. त्यांनी कागद पुढे केला. मावशींचाही चेहरा उतरला. त्यांनी तारखा पुन्हा एकदा वाचल्या.

"पण यातले दोन महिने मी इथे होते कुठे? लेकीच्या बाळंतपणाला नव्हते का गेले?"

"आणि तुमचा कोट?"

"तो इथेच. एक्स-रेच्या खोलीत, खुंटीवर. बिल्ला त्यालाच लावलेला होता."

डॉक्टर धावत त्या खोलीत गेले. खुंटी बरोबर मशीनच्या तोंडासमोर होती. तपासणी केंद्राला फोन लावला, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "हो, बिल्ला एकाच जागी टांगून ठेवल्यासारखाच दिसतोय. त्यांचे मागचे सगळे निकालही ठीक आहेत. काळजी करू नका."

डॉक्टरांनी पेशंटच्याच खुर्चीत बसकण मारली. त्यांना इतकं सुटल्यासारखं वाटलं, की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ते पुसायचंही सुचलं नाही. मावशी दारात उभ्या राहून पोट धरून हसत होत्या. बघता बघता त्यांनीही पदर डोळ्यांना लावला.

मग त्या हसायच्या थांबल्या.

"पण डॉक्टर, मी नव्हते तेव्हा पोरांच्या तोंडात फिल्म कोण धरत होतं?"

"फिल्म अडकवायला प्लास्टिकची पट्टी असते. पोरंच ती दातांत धरतात."

"नीट आले फोटो?"

"सगळे."

"मग बारा वर्षं माझं बोट कशाला हवं होतं?"

डॉक्टर खुर्चीतून उठले. "चुकलं माझं, मावशी," ते म्हणाले. "नशिबाने तुम्ही धडधाकट आहात, म्हणून आज एवढं म्हणून भागतंय."