पेटीमागची जागा

स्वच्छ धुतलेल्या काचनळीतलं पाणी ओतून टाकलं, की आत पाण्याचा एक पातळ, सलग थर राहतो. कुठे चिकटपणा उरला असेल, तर तो थर तिथेच फाटतो आणि थेंब उभे राहतात. उत्तराने खिडकीपाशी एकेक नळी उजेडात धरून पाहिली. अठ्ठेचाळीस नळ्या. एकीतही थेंब नव्हता. तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"काही राहिलं का जी, ताई?" मोरीपाशी पदराला हात पुसत बायजाबाईने विचारलं.

"नाही," उत्तरा म्हणाली आणि शेवटची नळी पुन्हा एकदा उजेडात धरली.

शहराच्या सदर भागातल्या त्या छोट्या मिशन दवाखान्याची प्रयोगशाळा उत्तरा अकरा वर्षं सांभाळत होती. बायजाबाई कुहीकडच्या खेड्यातली. दोन वर्षांपूर्वी ती दवाखान्यात रोगी म्हणून आली, बरी झाली आणि काचसामान धुण्याच्या कामावर राहिली. तिला बाप्तिस्मा घ्यायचा होता. अक्षरओळख नव्हती, म्हणून पाळकसाहेबांनी उत्तराला सांगितलं, "बाप्तिस्म्याआधीची प्रश्नोत्तरी तुम्हीच शिकवा. पाळकाची मुलगी आहात, तुम्हाला तोंडपाठ."

तोंडपाठ होतीच. रोज चारनंतर उत्तरा प्रश्न विचारी आणि बायजाबाई उत्तरं चुकवी. आज्ञांचा क्रम ती उलटापालटा करी, प्रेषितांची नावं गाळी. पण रविवारी चर्चच्या पटांगणात हीच बाई डोळे मिटून कुणासाठी चार वाक्यं बोलली, की लोक तिच्याभोवती थांबत. उत्तराच्या आईचे गुडघे दुखत, तेव्हा आईसुद्धा म्हणे, "बायजाबाईला जरा पाठव गं."

"मी करते की प्रार्थना."

"तू छानच करतेस. पण वाचल्यासारखी करतेस, बाळा."

ते वाक्य उत्तराच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. मार्चमध्ये पाळकसाहेबांनी, "ईस्टरला देऊ या का तिला बाप्तिस्मा?" असं विचारलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली होती, "अजून कच्ची आहे." ईस्टर गेला. बायजाबाई दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा पाटावर येऊन बसली.

आता नोव्हेंबर संपत आला होता आणि पाळकसाहेब आनंदराव आज स्वतः तिची परीक्षा घ्यायला येणार होते.

"ताई, एक विचारू?" बायजाबाई नळ्या जाळीत पालथ्या घालत म्हणाली. "रागावान तं नाही?"

"विचारा."

"प्रभुभोजनाच्या वक्ताले भाकर घेयाले समदे पुढं जातात. मी मागं बसून राहतो, माहा बाप्तिस्मा नाही म्हणून. अन् तुमी पेटीपाशी. आपण दोघीच उरतो. तुमी काहून नाही जात?"

"मी पेटी वाजवत असते."

"गाणं संपल्यावरबी?"

उत्तराने पेन उघडलं, नोंदवहीत तारीख लिहिली. ती आधीच लिहिलेली होती.

अठरा वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तान्हेपणी तिचा बाप्तिस्मा झाला होता, पण मोठेपणी स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा, ते दृढीकरण राहिलं होतं, आणि त्याशिवाय प्रभुभोजन घेता येत नसे. सोळाव्या वर्षी ती वडिलांना म्हणाली होती, "खात्री झाली की घेईन." वडील म्हणाले, "होईल तेव्हा सांग." मग ती जबलपूरला शिकायला गेली. घरच्यांना वाटलं, तिकडे झालं. ती परत आली तोवर वडील गेले होते. मग पेटीमागची जागा मिळाली, आणि तिथे बसलेल्या बाईला कोण काय विचारणार? ती खात्रीची वाट पाहत राहिली. प्रश्नोत्तरीत माणूस पापात मेलेला आहे असं होतं. तिने स्वतःला पुष्कळदा तपासलं होतं. मेलेलं काही सापडलं नव्हतं.

आणि हिने दोन वर्षांत सगळं मिळवलं. आज्ञांचा क्रमही न येणाऱ्या बाईने.

पाळकसाहेब आले, उंच स्टुलावर बसले. "सलाम, उत्तराताई. बसा हो बायजाबाई, मी काय सुई टोचायला नाही आलो."

"टोचली असती तं बरं झालं असतं," बायजाबाई म्हणाली. "थे लवकर होते."

पाळकसाहेब हसले. "बरं, सांगा. आत्मिक मरण म्हणजे काय?"

उत्तराच्या ओठांवर उत्तर तयार होतं: देवापासून तुटून राहणे. बायजाबाईने ते शंभरदा ऐकलं होतं. ती ते विसरली, हे उत्तराला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि आत कुठेतरी गोड वाटलं.

"थ्या बुकातलं नाही आठवत," बायजाबाई म्हणाली. "माही सवत होती, तुळसा. लाडाची होती. तिले ताप भरला तं पाणी मांगे. घागर माह्यापाशी. मी तांदूळ निवडत राहिली. तिनं तीनदा मांगितलं. दोन दिसानं थे गेली. लोक म्हणत, तुळसा मेली. पण मेली तं मी होती, साहेब. मंग बारा वर्सं जेवली, हासली, धानाच्या रोवणीले गेली. आत काही नव्हतं."

"आणि मग?"

"मंग अठी आयकलं का माह्या वाटचं मरण येशूनं घेतलं. मसीहा हाय म्हणे थो, मेलेल्याले उठवते. मी म्हटलं, मले पायजे. माह्यापाशी देयाले काही नव्हतं. त्यानं मांगितलंबी नाही."

पाळकसाहेब स्टुलावरच उत्तराकडे वळले.

ते म्हणाले, "उत्तराताई, मार्चमध्ये तुम्ही कच्ची म्हणाला होता. आता काय म्हणता?"

उत्तराने बायजाबाईकडे पाहिलं. भेगाळलेले, सोड्याने पांढरे पडलेले हात तिने मांडीवर ठेवले होते. ती वाट पाहत होती, आठ महिने पाहिली तशीच. मार्चमध्ये घागर उत्तरापाशी होती. समोरचीने मागितलं होतं, आणि ती तांदूळ निवडत राहिली होती. इतकी वर्षं स्वतःत जे सापडत नव्हतं, ते हेच. शोधायला उजेडाकडे जायचीही गरज नव्हती.

"ती कच्ची नव्हती," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "मला तिचा हेवा वाटला. म्हणून मी खोटं सांगितलं."

"माहीत हाय मले," बायजाबाई हळूच म्हणाली. "सवतीचे डोये वळखतो मी."

पाळकसाहेब काही बोलणार होते. उत्तराने हाताने थांबवलं. आता थांबली असती तर पुढची अठरा वर्षंही पेटीमागे गेली असती.

"माझं दृढीकरण झालेलं नाही, पाळकसाहेब. तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी पेटी दुसऱ्या कुणाला वाजवू द्या. मला तिच्याशेजारी उभं राहायचं आहे. तिला पाहिजे तेच मलाही पाहिजे."